मढ्यावरचा हक्क

जुन्या शिकाऱ्यांना गिधाडांचा उपयोगही होता आणि जाचही. वाघाने मारलेलं जनावर रानात कुठे पडलंय हे शोधायचं तर शिकारी आधी आभाळाकडे बघत. गिधाडं घिरट्या घालत एका जागी उतरताना दिसली की भक्ष्य तिथेच. ती उतरायच्या ऐवजी आजूबाजूच्या झाडांवर माना आखडून बसून राहिली, तर वाघ अजून मढ्यापाशीच आहे, असा हिशेब. पण त्याच मढ्यावर रात्री मचाणावर बसायचं असेल, तर दिवसभर ते गिधाडांपासून राखावं लागे, नाहीतर संध्याकाळी वाघ परत येईपर्यंत हाडंच उरायची. मग माणसं हिरव्या फांद्या तोडून आणत आणि मढं नीट झाकत. शेपूट, खूर, फाटलेली मांडी, काहीच वरून दिसता कामा नये. आपल्याकडचं गिधाड वासाने खाणं हुडकत नाही, नजरेने हुडकतं. फांद्यांचा एक थर दिला की कितीही उंचावर फिरणाऱ्या पक्ष्याला खाली काही आहे याचा पत्ता लागत नाही.

बेंगळुरूत राहणारे शिकारी-लेखक केनेथ अँडरसन (1910–1974) त्या शहराच्या भोवतालच्या मुलखात नरभक्षकांच्या मागावर फिरले. डेंकणीकोट्टईची रानं, येलगिरी, बिळिगिरीरंगनाचे डोंगर ही नावं त्यांच्या वाचकांना पाठ असतात. त्यांच्या शिकारकथांत गिधाडं मागच्या पडद्यावर असतात, वाघाचा ठावठिकाणा सांगून निघून जातात. या पुस्तकात मात्र ती पुढे आली आहेत. बेंगळुरूच्या दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला कावेरीचं खोरं, माले महादेश्वराचे डोंगर, बिळिगिरीरंगन, बंडीपूर, नागरहोळे, मुदुमलै आणि मोयारची दरी असा जो सलग डोंगराळ जंगलपट्टा आहे, तिथे दक्षिण भारतातली रानटी गिधाडं सर्वांत मोठ्या संख्येने टिकून आहेत. शिकारीचा त्यांच्यावर काय परिणाम होतो, हा या पुस्तकाचा विषय. मराठी वाचकाला तो लांबचा वाटू नये, कारण सह्याद्रीच्या आणि विदर्भाच्या रानात हीच गोष्ट, हेच पक्षी आणि हेच विष आहे.

शहराच्या सर्वांत जवळचं ठिकाण म्हणजे रामनगरची रामदेवर बेट्टा. बेंगळुरूहून म्हैसूरच्या गाडीत बसलं की सुमारे पन्नास किलोमीटरवर ग्रॅनाइटचे प्रचंड उघडे कातळ दिसू लागतात. ‘शोले’चं रामगढ इथेच उभं केलं होतं, त्यामुळे हे डोंगर देशाने पाहिले आहेत. त्यांच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. 2012मध्ये कर्नाटक सरकारने इथलं साधारण 346 हेक्टर क्षेत्र गिधाड अभयारण्य म्हणून जाहीर केलं. दुर्बीण लावून कड्याकडे पाहिलं की आधी पक्षी दिसत नाही. तांबूस-करड्या दगडावर ओघळलेले विष्ठेचे पांढरे पट्टे दिसतात आणि त्यांच्या वरच्या टोकाला, एखाद्या अरुंद कपारीत, बसलेला पक्षी सापडतो. मादी वर्षाला एकच अंडं घालते. नर-मादी दोघंही ते आळीपाळीने उबवतात, आणि पिल्लू उडायला लागेपर्यंत अनेक महिने जातात. त्या पिल्लाला स्वतः जोडी जमवून अंडं घालायला आणखी चार-पाच वर्षं लागतात. हा संथपणा ध्यानात ठेवूनच पुढचं वाचावं. ज्या पक्ष्याची वाढ इतकी सावकाश होते, त्याचे दहा प्रौढ एका दुपारी मेले तर ती तूट भरून निघायला पिढी जाते.

गिधाडं कशाने गेली याचं मुख्य उत्तर आता वादातीत आहे. 1990च्या दशकात राजस्थानातल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना पांढऱ्या पाठीची गिधाडं मान टाकून बसलेली आणि मग मरून पडलेली दिसली. 2004मध्ये संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण दाखवून दिलं: गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं ढोर मेलं, गिधाडाने खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ 99.9 टक्क्यांनी घटली. लांब चोचीची सुमारे 97 टक्क्यांनी. जनावरांसाठी हे औषध वापरायला 2006मध्ये बंदी आली, माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात म्हणून 2015मध्ये कुपी 3 मिलीपुरती मर्यादित झाली, 2023मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवरही बंदी आली. हा इतिहास अनेकदा सांगून झाला आहे, म्हणून इथे तो एवढाच.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. उत्तर भारताच्या मैदानातून आणि गावोगावच्या ढोरं टाकायच्या जागांवरून गिधाडं पुसली गेली, तेव्हा निलगिरीच्या पायथ्याशी ती का उरली? त्याचं उत्तर त्यांच्या ताटात आहे. मोयारच्या खोऱ्यात ती गुरांच्या मढ्यांवर पूर्णपणे विसंबून नव्हती. वाघाने, बिबट्याने, रानकुत्र्यांच्या टोळीने मारलेलं चितळ, सांबर, गवा, किंवा नैसर्गिक मरणाने पडलेला हत्ती हे त्यांचं खाणं होतं. रानटी जनावराच्या अंगात डायक्लोफेनॅक नसतं. पांढऱ्या पाठीचं, लांब चोचीचं, लाल डोक्याचं राजगिधाड आणि इजिप्शियन गिधाड अशा चारही जाती आज या पट्ट्यात दिसतात, आणि कर्नाटक, तमिळनाडू, केरळ या तिन्ही राज्यांच्या एकत्रित गणनेत 2023च्या अखेरीस त्यांचा आकडा तीनशेच्या आसपास भरला. वाघाच्या उष्ट्यावर ही तीनशे गिधाडं उभी आहेत. म्हणून त्या उष्ट्याला जो हात लावतो तो गिधाडाला हात लावतो. शिकारीचा संबंध तिथे येतो.

एरवी गिधाडावर कोणी बंदूक रोखत नाही. त्याचं मांस कुणाला नको, कातडं नको. कायद्याने 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्याला वाघाच्या पंगतीला बसवलं आहे. त्यामुळे शिकारीची आणि गिधाडाची सांगड घालताना वनखात्यातले अनुभवी लोकसुद्धा थोडे थबकतात. पण शिकार झाली की जनावर जंगलातून बाहेर जातं. दुचाकीच्या क्लचच्या तारेचा फास पाणवठ्याच्या वाटेवर लावला, सकाळी सांबर सापडलं, दुपारपर्यंत त्याचे वाटे झाले. ठासणीच्या बंदुकीने टिपलेलं चितळ, कणकेच्या गोळ्यात लपवलेल्या गावठी बॉम्बने जबडा उडालेलं रानडुक्कर, सगळ्यांचं तेच. प्रत्येक वेळी एक मढं कमी होतं, आणि हरणं-सांबरं विरळ झाली की वाघ, बिबट्या गावाच्या गुरांकडे वळतात. फासाने रान रिकामं करायचं आणि मग बिबट्याने गाय नेली म्हणून ओरडायचं, ही साखळी सह्याद्रीतल्या गावांना चांगली परिचयाची आहे.

कोकणात शिमग्याच्या दिवसांत गावकीची पारध निघत असे. हाकारा, वाघरं, कुत्री, सगळा गाव. ती रूढी मी तुच्छतेने आठवत नाही. माणसांना रान ओळखीचं ठेवणारी ती एक गोष्ट होती आणि वर्षातून एकदाच होती. आजचा फास वर्षाचे बाराही महिने लावलेला असतो, आणि त्यातलं मांस बऱ्याचदा गावाच्या चुलीपर्यंत न जाता हायवेवरच्या ढाब्याच्या मागच्या दाराने आत जातं. या दोन गोष्टींना एकाच तागडीत घालणं अन्यायाचं होईल.

मात्र अन्न कमी होणं हा शिकारीचा सौम्य परिणाम. खरा घात विषाचा आहे, आणि मी वाचकाला इथे जरा थांबायला सांगेन.

वाघाने गाय मारली. तिच्या मालकाचं वर्षाचं दूध गेलं, वासरू पोरकं झालं, नुकसानभरपाईसाठी पंचनामा, फोटो, पशुवैद्याचा दाखला, आणि मग वाट पाहणं. वाघ दुसऱ्या रात्री उरलेलं खायला परत येतो हे गुराख्याला पक्कं माहीत असतं. दुकानात पिकावरच्या किडीसाठी फोरेट (2020च्या अखेरीस बंदी येईपर्यंत), कार्बोफ्युरान अशा दाणेदार औषधांच्या पिशव्या मिळत आल्या आहेत. फाटलेल्या मांडीच्या मांसात मूठभर दाणे दाबले की काम झालं. त्यासाठी बंदूक लागत नाही, परवाना लागत नाही, आवाज होत नाही. वाघाची ही शिकार आहे, फक्त शिकारी तिथे हजर नसतो.

जून 2025मध्ये माले महादेश्वर डोंगरांतल्या हुग्यम वनपरिक्षेत्रात एक वाघीण आणि तिचे चार बछडे असेच मेले. गाईच्या मढ्यावर विष टाकलं होतं. बेंगळुरूपासून ही जागा काही तासांच्या अंतरावर आहे. त्याआधी, सप्टेंबर 2023मध्ये, निलगिरीत अवलांची भागात दोन वाघ विषारी गाय खाऊन मेले. या बातम्या वाघांच्या म्हणून छापून आल्या आणि वाघांच्या म्हणून लक्षात राहिल्या. पण मढ्यावर पहिला हक्क सांगायला वाघ येतोच असं नाही. वाघ रात्रीची वाट पाहतो, आणि मधला सगळा दिवस गिधाडांचा असतो. शिवाय गिधाडं एकट्यादुकट्याने येत नाहीत. एक पक्षी मढं पाहून पंख आवळून खाली झेपावला की मैलभरावरचा दुसरा ते पाहतो, त्याच्याकडे तिसरा, आणि तासाभरात कोसा-कोसांवरचे पक्षी एका जागी गोळा होतात. अन्न तुटपुंजं आणि विखुरलेलं असताना याच सवयीने हा पक्षी लाखो वर्षं जगला. विष टाकलेल्या मढ्यावर हीच सवय सगळा थवा एकत्र मरायला आणते. आसामात कामरूप जिल्ह्यातल्या छयगावजवळ मार्च 2022मध्ये 97 गिधाडं एकाच वेळी मेलेली सापडली. तिथे विष भटक्या कुत्र्यांसाठी शेळीच्या मढ्यात घातलं असावं. गिधाडांशी कुणाचं काही वाकडं नव्हतं. निलगिरीच्या पट्ट्यात 2023च्या गणनेत एकूण गिधाडं तीनशेच्या आसपास, आणि आसामात एका शेळीने शंभराला तीन कमी इतकी नेली. हे दोन आकडे मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे.

मढ्यावर विष टाकण्याची ही युक्ती नवीही नाही. इंग्रजी अमदानीत वाघ, बिबटे, लांडगे मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी 80 हजारांहून जास्त वाघ मारले गेले. बंदुकीइतकंच कुचल्याचं विष, म्हणजे स्ट्रिकनीन, या कामाला वापरात होतं. तेव्हा गिधाडं इतकी होती की त्यांचं मरणं कुणी मोजलं नाही.

आफ्रिकेत मात्र शिकाऱ्याने गिधाडाला सरळ शत्रू ठरवलं आहे. हत्ती मारला की गिधाडं उतरतात आणि ती घिरटी बघून वनरक्षक जागेवर पोचतात. म्हणून हस्तिदंत काढून घेतल्यावर चोरटे शिकारी उरलेल्या हत्तीवर विष टाकून जातात, म्हणजे पुढच्या वेळी चुगली करायला पक्षीच उरू नयेत. जून 2019मध्ये बोट्स्वानात तीन हत्तींच्या अशा मढ्यांवर 537 गिधाडं मेली. आपल्याकडे शिकारी फांद्यांनी मढं झाकत होते तेव्हा त्यांनाही हाच पक्षी चुगलखोर वाटत होता, पण त्यांचं काम फांद्यांवर भागलं. हस्तिदंत तस्कर वीरप्पनच्या काळात या कावेरी-सत्यमंगलमच्या डोंगरांत हत्ती मोठ्या संख्येने मारले गेले. इथे विष टाकून गिधाडं संपवण्याची पद्धत रुळली नाही, हे आपलं नशीबच म्हणायचं. ती इथे कधी रुळू नये याची काळजी मात्र नशिबावर सोडता येत नाही.

शिशाबद्दल थोडं. बंदुकीची शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे बारीक तुकडे मांसात दूरवर पसरतात, डोळ्यांना न दिसणारे. शिकारी जनावर नेतो, आतडी-कोथळा तिथेच टाकतो, किंवा जखमी जनावर निसटतं आणि दोन दिवसांनी दाट रानात मरतं. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं जहाल की सडक्या मांसातले जंतू त्यात टिकत नाहीत, पण तेच आम्ल शिसंही विरघळवतं आणि रक्तात पोचवतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियन काँडरची गोष्ट यासाठी जगभर सांगितली जाते. 1982मध्ये ते पक्षी 22 उरले होते. 1987मध्ये शेवटचा रानटी पक्षीही पकडून पिंजऱ्यात आणला. पिंजऱ्यात पैदास करून त्यांना पुन्हा डोंगरांत सोडलं, पण शिशाने ते मरतच राहिले. शेवटी कॅलिफोर्नियाने शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, 1 जुलै 2019पासून. भारतात शिकारच बंद आहे, मग शिसं कुठून, असं कुणी विचारील. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना मारायचे परवाने केरळात आणि महाराष्ट्रात दिले जातात, आणि चोरटी शिकार तर परवाना मागतच नाही. डुक्कर मारून ते पुरायचं असा नियम असेल तर तो पाळला जातो का, हे पाहणं कुणाचं काम आहे ते नेमकं ठरलेलं असावं. एवढ्या छोट्या गोष्टीवरही काही गिधाडांचं जगणं अवलंबून असू शकतं.

मढं हिरावण्याचं काम शिकारीच करते असं नाही. आपला स्वच्छतेचा आग्रहही करतो. मेलेला वाघ जाळायचा, कारण त्याचे अवयव चोरबाजारात जाऊ नयेत. हे पटण्यासारखं आहे. पण रस्त्यावर गाडीखाली मेलेलं चितळ, तळ्याकाठी पडलेला गवा, वयाने मेलेला हत्ती पुरून टाकण्यात कसला फायदा? रोगाची शंका नसेल तर ते उघड्यावर ठेवावं, अशी मागणी निलगिरीत गिधाडांसाठी काम करणारे लोक कित्येक वर्षं करत आले आहेत. माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. जंगलातलं मढं हा कचरा समजणारं खातं गिधाड वाचवू शकणार नाही, मग त्याने कितीही पिंजरे उभारले तरी.

महाराष्ट्राचा विषय इथे जवळून जोडला जातो. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावची गिधाडं, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रचं कोकणातलं काम, गडचिरोलीत आणि नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात गिधाडांसाठी सुरक्षित मढी टाकण्याचे प्रयोग, यांवर मराठीत थोडंफार लिहिलं गेलं आहे. जानेवारी 2024मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या पैदास केंद्रातून दहा पक्षी ताडोब्यात आणि दहा पेंचमध्ये आणले गेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यासाठी वीसेक वर्षं खपून ही पिढी वाढवली. पिंजऱ्यातून सोडलेला पक्षी एका दिवसात शंभर किलोमीटर सहज जातो. अभयारण्याची हद्द त्याला माहीत नसते. तो चंद्रपूरच्या बाहेरच्या एखाद्या शिवारात उतरेल, आणि तिथे बिबट्यावर चिडलेल्या कुणी गाईच्या मढ्यावर काय टाकलंय, यावर त्याचं आयुष्य ठरेल. वीस वर्षांच्या कष्टाचा निकाल मूठभर दाण्यांवर.

म्हणूनच मला सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं ते गुराख्याबद्दल. त्याला गुन्हेगार म्हणून धरणं सोपं आहे आणि कायद्याने ते करावंच लागतं. पण गाय मेल्याच्या दुसऱ्या दिवशी, वाघ परत येण्याआधी, वनरक्षक त्याच्या दारात पोचला आणि काही रक्कम लगेच हातात पडली, तर मूठ पिशवीकडे जायची वेळ कमी येते. एक दिवसाच्या आत पंचनामा, मढ्यावर पहारा, आणि गाय तिथेच ठेवण्याबद्दल वेगळा मोबदला. ही मागणी कुणा उदार माणसाची कल्पना नव्हे, गिधाडांच्या संख्येचं गणित तीच मागते. विषाच्या विक्रीची वही, पिशवी कुणाला आणि कशासाठी दिली याची नोंद, हेही तितकंच. डोंगरातल्या तालुक्यांमध्ये कीटकनाशकाचं दुकान आणि वनखात्याची चौकी बऱ्याचदा एकाच रस्त्यावर असतात. त्यांची एकमेकांशी ओळख असायला हवी.

या पुस्तकात पुढे जे लेख आहेत ते शास्त्राच्या भाषेत कमी आणि रानात फिरणाऱ्या माणसाच्या भाषेत जास्त आहेत. काही ठिकाणी वाचकाला नाक झाकावंसं वाटेल, कारण मढ्याचं वर्णन मढ्यासारखंच केलं आहे. ते गाळून गिधाडावर लिहिता येत नाही. काही लेख वाघावर आहेत आणि त्यात गिधाड दोन ओळींपुरतंच येतं. तेही मुद्दाम ठेवले आहेत, कारण वाघावर लिहिणाऱ्यांनी गिधाडाकडे पाहायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

वाचकाला दोन गोष्टी सांगून मी बाजूला होतो. घरी गुरं असतील तर पशुवैद्याकडून वेदनाशामक घेताना मेलोक्सिकॅम मागा. ते गिधाडांना सुरक्षित आहे. आणि रानात, शिवारात, रस्त्याच्या कडेला मेलेल्या जनावराजवळ कुत्री, कावळे किंवा गिधाडं मेलेली दिसली, तर कशालाही हात न लावता, मढं न हलवता, ताबडतोब वनखात्याला कळवा. कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही वनखात्याचा मदत क्रमांक 1926 आहे.